रमाबाईंच्या खोलीचे दार

शारदा सदन 1890 च्या अखेरीस मुंबईहून पुण्याला आले. तिथे पंडिता रमाबाई आपल्या खोलीत लेक मनोरमेसह बायबल वाचत आणि प्रार्थना करीत. खोलीचे दार लावलेले नसे. सदनातल्या विधवा मुलींपैकी कुणी येऊन मागे बसल्या, तर बाई त्यांना उठवत नसत. एवढ्या गोष्टीवरून पुण्यात असा वाद पेटला की ऑगस्ट 1893 मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ‘केसरी’ने बाईंना धारेवर धरले आणि कित्येक पालक आपल्या मुलींना घरी घेऊन गेले.

श्रोतेहो, आजच्या व्याख्यानाचा विषय हा वाद आणि त्याच्या आसपासचे आणखी काही वाद असा आहे. श्रद्धा पक्की असलेल्या माणसाने, विशेषतः ख्रिस्ती माणसाने, मतभेदात कसे वागावे हा प्रश्न चर्चमध्ये वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर बहुधा गोड बोलण्याच्या सल्ल्यावर येऊन थांबते. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास याहून खूप कठीण आणि खूप उमदे उत्तर देतो. या वक्त्याच्या मते मतभेदातले सौजन्य आवाजाच्या पट्टीवरून ओळखता येत नाही. आपल्याशी असहमत असलेल्या माणसाचे स्वातंत्र्य आपण शाबूत ठेवतो का, आणि आपण जे करतो ते त्याच्या डोळ्यांदेखत करतो का, या दोन खुणांवरून ते ओळखावे.

रमाबाई मुळात पंडित होत्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवले म्हणून समाजाचा रोष ओढवून घेतला होता. दुष्काळात आईवडील गेले. मग रमा आणि तिचा भाऊ पायी हिंदुस्थान फिरत कलकत्त्याला पोहोचली आणि 1878 मध्ये तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या रमेला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. अशी बाई 1883 मध्ये इंग्लंडला गेली. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात तिने मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात खळबळ उडाली. ज्या शहराने वर्षभरापूर्वी तिची व्याख्याने ऐकली होती, त्या शहराला तो विश्वासघात वाटला. जोतीराव फुले यांनी मात्र 1885 मध्ये ‘सत्सार’ काढून तिची बाजू जाहीरपणे मांडली. फुले स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत. ते तिच्या अधिकाराच्या बाजूने उभे राहिले.

पुण्याच्या खळबळीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच वर्षांत रमाबाईंचे आपल्या नव्या धर्मबंधूंशी जे वाजले, त्याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. वाँटेजच्या भगिनी जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. या आजीबाईंशी पंडिताबाईंचा जो पत्रव्यवहार झाला, तो मराठी स्त्रीच्या बौद्धिक इतिहासातला फार मोलाचा ठेवा आहे. ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती माणसाशी कसे भांडावे, हेही त्यात शिकायला मिळते.

भांडणाचे विषय बरेच होते. त्रैक्याचा सिद्धान्त रमाबाईंना बायबलच्या आधाराने पटेना, आणि पटल्याशिवाय त्या तो तोंडाने म्हणायला तयार नव्हत्या. मनोरमेला काय शिकवावे यावर ठिणग्या उडाल्या. न समजणारी गूढे पोरीच्या डोक्यात आधीच भरू नयेत, असे आईचे म्हणणे होते. त्या शाकाहारी राहिल्या. क्रूसावरचा मजकूर लॅटिनमध्ये असावा हे त्यांना रुचले नाही. त्यांच्या देशबांधवांना लॅटिन कळत नव्हते आणि संस्कृत ही त्यांच्या देशाची जुनी, सुंदर भाषा होती. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना तरुण पुरुषांना त्यांनी शिकवावे की नाही, यावर मुंबई-लाहोरच्या बिशपांनी नापसंती कळवली. तेव्हा रमाबाईंनी संतापून लिहिले की हिंदुस्थानात भर सभेत त्या पुरुषांसमोर बोलत आल्या होत्या आणि त्यात कुणाला वावगे वाटले नव्हते. एका पुरोहितशाहीच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवून घेतली, ती दुसऱ्या जोखडात घालण्यासाठी नाही, असा त्यांच्या एका पत्राचा आशय आहे. आपला बाप्तिस्मा ख्रिस्ताच्या विश्वव्यापी मंडळीत झाला आहे, कुठल्या एका पंथाच्या नियमावलीत झालेला नाही, हेही त्यांनी ठणकावून सांगितले.

ही पत्रे मृदू नाहीत. त्यांत तिखटपणा आहे, काही ठिकाणी राग आहे. उलट बाजूने जेराल्डिन यांनी त्यांना गर्विष्ठ म्हटले, अहंकारी म्हटले. आजच्या अर्थाने ‘सौजन्यपूर्ण संवाद’ म्हणून ही पत्रे कुणी दाखवणार नाही. तरीही पंचविशी ओलांडलेली, पैशाने आणि आसऱ्याने परावलंबी असलेली विधवा ज्यांच्या घरी राहते त्यांनाच समोरासमोर विरोध करते, पाठीमागे कुजबुज करीत नाही, आणि मनोरमेला त्याच आजीबाईंच्या स्वाधीन करायला कचरत नाही. अमेरिकेच्या वास्तव्यातही तिने मुलीला परत इंग्लंडला पाठवले ते याच भगिनींकडे. सिद्धान्ताच्या बाबतीत ज्या बाईशी पराकोटीचे मतभेद, तिच्याच हाती एकुलते एक लेकरू देणे, याहून मोठा विश्वास कोणता असू शकतो?

या पत्रव्यवहारात तिसरी व्यक्ती आहे चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील. त्यांनी रमाबाईंच्या शंकांना बंडखोरी मानले नाही. प्रश्न आला की त्या उत्तर लिहीत. पुन्हा प्रश्न आला की पुन्हा लिहीत. ही बाई आज्ञेने ऐकणार नाही, तिला विचाराने पटवावे लागेल, असे त्यांनी जेराल्डिनना समजावले. स्वतः बीलबाईंनाही श्रद्धेच्या बाबतीत संशयाचा कठीण काळ काढावा लागला होता. म्हणून की काय, दुसऱ्याच्या संशयाची त्यांना भीती वाटली नाही. त्यांची मते सौम्य होती असे नाही. त्रैक्यावर त्यांची श्रद्धा होती आणि ती त्यांनी लपवली नाही. चर्चमध्ये अशी माणसे नेहमीच थोडी असतात.

तोंडावर विरोध करूनही नाते राखण्याला नव्या करारात जुना दाखला आहे. अंत्युखियात पेत्र अन्यजातीय बंधूंच्या पंगतीतून हळूच उठला, तेव्हा पौलाने सर्वांसमक्ष त्याला तोंडावर विरोध केला. ती हकिगत गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. वाद जेवणाच्या पंगतीचा होता, म्हणजे मराठी वाचकाला तो समजावून सांगण्याची गरजच नाही. पेत्राच्या नावाने असलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी मात्र पौलाचा उल्लेख प्रिय बंधू म्हणून येतो. आपल्या आशेबद्दल कुणी विचारले तर उत्तर द्यायला तयार असावे, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्यावे, असे पेत्राच्या पहिल्या पत्रात सांगितले आहे. ते सांगताना तिथे शुद्ध विवेकभावाचाही उल्लेख येतो. हा शेवटचा भाग प्रवचनांत बऱ्याचदा गळतो.

आता पुन्हा पुण्याकडे. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, तेव्हा त्या समारंभाच्या अध्यक्षस्थानी काशीबाई कानिटकर होत्या. बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनच्या पैशावर चालणाऱ्या या संस्थेत धर्माच्या बाबतीत तटस्थता राखायची असे ठरले होते. ग्रंथालयात बायबल होते आणि हिंदू धर्मग्रंथही होते. मुलींना आपापले सोवळे-ओवळे, पूजा आणि व्रते पाळता येत. सदनात दाखल झालेल्या पहिल्या विधवा मुलीचे नाव गोदूबाई. 11 मार्च 1893 रोजी धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. ती ख्रिस्ती झाली नाही. तिच्या पुनर्विवाहाला रमाबाईंनी मनापासून पाठबळ दिले, आणि तो विवाह हिंदू समाजातला होता.

मग गाडे अडले कुठे? इथे दोन्ही बाजू नीट ऐकायला हव्यात. रानडे आणि भांडारकर हे काही संकुचित गृहस्थ नव्हते. त्यांनी पालकांना शब्द दिला होता. दुःखाने पोळलेली, दहा-बारा-पंधरा वर्षांची मुलगी ज्या बाईवर आईसारखी माया करू लागते, त्या बाईच्या प्रार्थनेकडे ती ओढली जाणारच. जबरदस्ती नव्हती हे खरे असले तरी प्रभाव होता, आणि प्रेमाचा प्रभाव हा सगळ्यात जबर असतो. शब्द पाळला जात नाही असे वाटल्यावर ते बाजूला झाले. ही सचोटीच होती. रमाबाईंच्या चाहत्यांनी या दोघांना खलनायक करण्याचा मोह टाळावा.

रमाबाईंची बाजूही तितकीच स्वच्छ होती. हिंदू मुलीला सदनात देवपूजा करता येते, मग सदनाच्या प्रमुख बाईने आपल्या खोलीत आपल्या मुलीसह प्रार्थना करू नये हे कोणत्या न्यायाने? खोलीचे दार बंद करणे त्यांना मान्य नव्हते. दार लावून घेतले असते तर वाद मिटला असता. पण मग त्या जे करीत होत्या ते लपूनछपून केल्यासारखे झाले असते. या वक्त्याला रमाबाईंच्या चरित्रातली ही जागा सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रसाराच्या नावाखाली आडमार्गाने जाणारे ख्रिस्ती लोक तेव्हाही होते. बाईंना तो मार्ग मान्य नव्हता. संस्थेला मिळणारा पाठिंबा, पुण्यातली प्रतिष्ठा, ओळखीच्या घरांतले येणे-जाणे, एवढी किंमत त्यांनी मोजली.

पुढे 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. 1898 मध्ये बॉस्टनच्या संघाने पत्करलेली दहा वर्षांची मुदत संपली. नव्या व्यवस्थेत तटस्थतेचे बंधन उरले नाही. मुक्ती ही उघड ख्रिस्ती संस्था होती आणि ती तशीच म्हणवून घेत होती. हा बदल कुणाला आवडेल, कुणाला आवडणार नाही. पण यात आडपडदा नव्हता. टीकाकारांनी 1893 मध्ये जे आरोप केले होते, त्यांना पुढच्या काळाने थोडे बळ दिले हेही मान्य केले पाहिजे. श्रद्धाळू माणसाच्या चरित्रातल्या अशा गोष्टी झाकून ठेवणे हे त्या माणसाच्या श्रद्धेलाच कमी लेखणे आहे.

एका वादातून काय निष्पन्न होते हे लगेच कळत नाही. शारदा सदनावरचा विश्वास उडालेल्या हिंदू पालकांसाठी दुसरी सोय हवी होती. 1896 मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि 1900 मध्ये तो हिंगण्याला गेला. सदनातच शिकलेल्या आनंदीबाई त्या कामात होत्या. म्हणजे पुण्यातल्या त्या कडू वादानंतर विधवांसाठी महाराष्ट्रात दोन घरे झाली. एकाने दुसऱ्याला शत्रू मानले असते तर आनंदीबाईंच्या ‘माझे पुराण’मध्ये रमाबाईंबद्दलचा तो जिव्हाळा उतरलाच नसता.

मतभेद सांभाळणारे आणखी एक घर आहे ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना तो घाव होता. नवरा जिवंत असून त्या एकट्या पडल्या. काही वर्षांनी त्या मुलाला, दत्तूला, घेऊन टिळकांकडे आल्या तेव्हा त्यांचे सोवळे त्यांच्याबरोबर आले. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. एका छपराखाली ख्रिस्ती नवरा आणि कर्मठ हिंदू बायको अशी गृहस्थी चालली. टिळकांचा स्वभाव तापट होता आणि ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाईंनी तो कुठेही लपवलेला नाही. वस्तू फेकणारा, घरातले पैसे भलत्याला देऊन टाकणारा, क्षणात रागावणारा आणि क्षणात रडणारा हा कवी. पण धर्माच्या बाबतीत बायकोवर त्यांनी सक्ती केली नाही. जातपात देवाने केली की माणसाने, या प्रश्नावर लक्ष्मीबाईंनी एकटीने विचार केला, स्वतःच्या बुद्धीने सोवळे सोडले, आणि 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या पायांनी जाऊन. मराठीतले हे श्रेष्ठ आत्मचरित्र धर्मांतराच्या गौरवाचे पुस्तक झाले नाही, कारण लिहिणारीला कुणी गप्प बसवले नव्हते.

टिळकांच्या घरात त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा एक पोरसवदा कवी राहत असे. 1907 मध्ये जळगावच्या कविसंमेलनात तो ‘बालकवी’ झाला. टिळक पती-पत्नींनी त्याला नगरला आपल्या घरी मुलासारखे वागवले. तो ख्रिस्ती झाला नाही. त्याला ख्रिस्ती करावे म्हणून कुणी त्याच्या मागे लागले नाही. तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो, असे टिळक म्हणत. त्या वाटेवर इतर कुणी कुठे थांबावे हे ठरवण्याचा हक्क त्यांनी आपल्याकडे घेतला नाही.

मिशनऱ्यांशी मात्र त्यांचे बिनसले. वर्षानुवर्षे ते अमेरिकन मराठी मिशनच्या पगारावर होते. विलायती चालीची गीते, विलायती रीती, देशी ख्रिस्ती माणसाला मुलासारखे सांभाळण्याची मिशनची सवय, हे सगळे त्यांना बोचत होते. 1917 मध्ये त्यांनी पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, ख्रिस्ताला मानणाऱ्या सर्वांचा तो बंधुसंघ. मंडळी त्यांनी सोडली नाही. दोन वर्षांनी, 9 मे 1919 रोजी, ते गेले. त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिले जे. सी. विन्सलो या अँग्लिकन धर्मगुरूने. पंथ वेगळा होता, आदर तोच होता.

महाराष्ट्रातला सगळा ख्रिस्ती इतिहास असा उजळ आहे, असे कुणी समजू नये. 1830 च्या दशकात मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांनी मोरभट दांडेकरांच्या उत्तरात जी पुस्तके छापली, त्यांतली भाषा हिंदू श्रद्धेवर कठोर प्रहार करणारी होती. 1839 मध्ये दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतल्यावर विल्सन यांच्या शाळेतून मुले भराभर काढली गेली. 1857 च्या आरंभी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्या जाहीर वादविवादाला माणसांची गर्दी लोटत असे. त्या वादांचा वृत्तान्त जॉर्ज बोवेन यांनी इंग्रजीत छापला आणि विष्णुबुवांच्या बाजूने मराठीत पुस्तक निघाले. एकाच वाळूवरच्या त्याच संध्याकाळी दोन पुस्तकांत वेगवेगळ्या दिसतात. बोवेन हा माणूस निराळाच होता. मिशनचा पगार नाकारून त्याने मुंबईच्या वस्तीत गरिबीत चाळीस वर्षे काढली आणि 1888 मध्ये तिथेच देह ठेवला. त्याचे युक्तिवाद किती जणांना पटले असतील याचा हिशेब कुणी करू नये. त्याच्या राहणीबद्दल मात्र विरोधकांनाही बोट ठेवायला जागा नव्हती.

आपल्या काळातला एकच प्रसंग सांगून आवरते घेतो. उस्मानाबादला जानेवारी 2020 मध्ये झालेल्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा एका ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान का, असा विरोध झाला, धमक्याही आल्या. दिब्रिटोंनी आपला झगा लपवला नाही आणि विरोधकांना शिव्याही दिल्या नाहीत. वसईत हरित वसईच्या आंदोलनात बिल्डर आणि गुंडांशी झुंजलेला हा माणूस होता, भित्रा नव्हता. पाठीच्या दुखण्याने बेजार असताना ते उस्मानाबादला गेले आणि अध्यक्षपदावरून मराठीबद्दल, माणसांबद्दल बोलले. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे इतर धर्मांच्या लेखकांना आपल्या पानांवर जागा दिली होती. त्यामुळे विरोध झाला तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहणारे पुष्कळसे लेखक ख्रिस्ती नव्हते. दिब्रिटो 25 जुलै 2024 रोजी गेले.

रमाबाईंच्या पत्रांचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. ती पत्रे रमाबाईंनी जपून ठेवली नव्हती. ती जपली भगिनी जेराल्डिन यांनी. ज्या पत्रांत त्यांच्या शिकवणीला नकार आहे, त्यांच्या हुकमतीला आव्हान आहे, त्यांच्यावर राग आहे, ती सगळी त्यांनी गोळा केली, त्यांना टिपणे जोडली, आणि स्वतःचीही उत्तरे त्यात ठेवली. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1977 मध्ये ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली तो पत्रव्यवहार प्रसिद्ध केला. जेराल्डिन यांनी ती पत्रे चुलीत घातली असती तर रमाबाईंचा खरा आवाज आज कुणाला ऐकू आला नसता.

इथे जमलेल्यांपैकी बरेच जण कुठल्या ना कुठल्या मंडळीचे, धर्मग्रामाचे, विश्वस्त मंडळाचे सभासद आहेत. तिथे वाद होतात. जमिनीचे होतात, उपासनेच्या भाषेचे होतात, पाळकाच्या नेमणुकीचे होतात, लेकीसुनांनी कुणाशी लग्न करावे याचेही होतात. अशा वादांची इतिवृत्ते लिहिताना विरोधी मत देणाऱ्याचे म्हणणे त्याच्या शब्दांत, पूर्णपणे नोंदवा. त्याची पत्रे फाडू नका. मंडळीच्या मासिकात छापायची वेळ आली तर आधी त्याचे छापा, मग तुमचे उत्तर छापा. आणि हे व्याख्यान छापून निघाल्यावर त्यातल्या कुठल्याही मुद्द्याला कुणाचा आक्षेप असेल, तर त्याने तो लिहून पाठवावा. पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेत तो जसाच्या तसा छापला जाईल, असे संयोजकांनी मान्य केले आहे.